बीआरसीए डीएनए दुरुस्त करतं, मग गाठ ईआर निगेटिव्हच का निघते?

गंगापूररोडवाली (धागाकर्ती)

आमच्या घरात सध्या दोन फायली आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवल्या की डोकं चालेनासं होतं. आईला ६२व्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला. ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू (वाढीशी संबंधित एक प्रथिन) निगेटिव्ह. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता रोज इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी. मावसबहीण पिंपळगाव बसवंतला दिलेली, वय ३६. तिचा रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ही तिन्ही निगेटिव्ह. रक्ताची जनुकीय तपासणी केली तर बीआरसीए-१ मध्ये दोष. तिला गोळी चालणार नाही म्हणाले, केमो सुरू आहे.

वाचायला जावं तिथे एकच वाक्य: बीआरसीए-१ हे जनुक डीएनएची मोडतोड दुरुस्त करतं. ठीक आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याचा इस्ट्रोजेन रिसेप्टरशी काय संबंध? दुरुस्ती बिघडली तर कुठल्याही प्रकारची गाठ व्हायला हवी. बहुतेक वेळा हार्मोन निगेटिव्हच का? ओपीडीत एवढं विचारायची सोय नसते, बाहेर रांग ताटकळत असते. इथे कुणी सांगेल का? सोपं करून सांगा, पण खोटं सोपं नको.

पेशीगणित

याच विषयाच्या आसपास पीएचडी चालू आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

संबंध आहे, आणि तो दोन उलट दिशांनी आहे. घोळ तिथेच होतो.

पहिली दिशा. इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर अल्फा) हे पेशीच्या केंद्रकात बसणारं प्रथिन. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. बीआरसीए-१ चं प्रथिन या रिसेप्टरलाच धरतं आणि त्याचं हे काम दाबतं. १९९९ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. म्हणजे बीआरसीए-१ नुसता दुरुस्तीवाला नाही, ईआरच्या कामावर त्याचा लगामही आहे.

आता तुमच्या मनात येईल की मग लगाम तुटल्यावर ईआर जास्त जोरात चालायला हवा, गाठ ईआर पॉझिटिव्ह निघायला हवी. इथे दुसरी दिशा येते. ईआर ज्या जनुकापासून तयार होतो ते ईएसआर-१, सहाव्या गुणसूत्रावर. ते जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्या जागेवर बीआरसीए-१ स्वतः हजर असतं आणि वाचन चालू ठेवायला मदत करतं. २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. पेशींमधलं बीआरसीए-१ कमी केलं की ईआर बनणंच कमी होतं. जो रिसेप्टरला आवरतो, त्याच्याशिवाय रिसेप्टर नीट घडतही नाही.

आकडे बघा. जगभरातल्या हजारो वाहक बायकांच्या गाठी एकत्र तपासून २०१२ मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यानुसार बीआरसीए-१ दोष असलेल्यांत ७८ टक्के गाठी ईआर निगेटिव्ह, आणि बीआरसीए-२ दोष असलेल्यांत ७७ टक्के ईआर पॉझिटिव्ह. दोन्ही जनुकं दुरुस्तीच्याच खात्यात. नुसत्या दुरुस्तीचा प्रश्न असता तर दोघांच्या गाठी सारख्या दिसल्या असत्या.

सह्यभटक्या

छान, पण "बीआरसीए-१ गेलं म्हणून ईआर बंद झाला" एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. मुळात गाठ ज्या पेशीतून सुरू झाली तिच्यात ईआर होता तरी का?

पेशीगणित

हा मुद्दा मी लिहिणारच होतो.

दूधनलिकेच्या आतल्या थरात काही अर्धवट घडलेल्या पेशी असतात, त्यांना ल्युमिनल प्रोजेनिटर म्हणतात. त्यांच्यात मुळातच ईआर नसतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की बीआरसीए-१ चा दोष घेऊन जन्मलेल्या बायकांच्या स्तनात, कर्करोग नसतानासुद्धा, या पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात आणि त्यांची जनुकीय ठेवण बेसल प्रकारच्या (बहुतेक ट्रिपल निगेटिव्ह असणाऱ्या) गाठींशी जुळते. म्हणजे बऱ्याच वेळा रिसेप्टर हरवत नाही, तो त्या पेशीत कधी आलेलाच नसतो. बीआरसीए-१ असतं तर ती पेशी पुढे घडली असती, तिच्यात ईआर आला असता.

यातलं कुठलं कारण कुठल्या गाठीत किती, हे गाठीगणिक बदलतं. माझं मत विचाराल तर पेशीचं मूळ हे जास्त वजनाचं, ईएसआर-१ चं वाचन मंदावणं त्याला जोड.

निवृत्त_मास्तर

मी प्राणिशास्त्र शिकवत असे. एक पायाभूत गोष्ट राहून गेली ती जोडतो, कारण धागाकर्ती ताईंच्या घरात पुढचा प्रश्न हाच येणार आहे.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. बीआरसीए-१ हे ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होऊ न देणारं जनुक. अशा जनुकाची एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही गेल्या की पेशी बेलगाम. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगावरून हे मांडलं. मावसबहिणीच्या सगळ्या पेशींत एक प्रत जन्मतः बिघडलेली आहे. स्तनातल्या एखाद्या पेशीत आयुष्यात कधीतरी दुसरी गेली, तिथून गाठ.

आता ही बिघडलेली प्रत आली कुठून? सगळे लगेच मावशीकडे, म्हणजे तुमच्या आईच्या माहेराकडे बोट दाखवतात. ती मावशीच्या यजमानांकडूनही आलेली असू शकते. बापाला स्तनाचा कर्करोग नाही म्हणजे तो वाहक नाही, असं नसतं. आपल्याकडे वडिलांच्या बाजूचा इतिहास कुणी विचारत नाही. आत्याला काय झालं होतं विचारलं तर "पोटात गाठ होती" एवढंच उत्तर मिळतं. ती अंडाशयाची होती का, हे विचारा.

गंगापूररोडवाली

मास्तर, मावशीला काहीच नाही, ठणठणीत आहे. तिच्या नणंदेला मात्र "पोटाचा" होता, फार वर्षांपूर्वी. आता विचारते.

पण मग आईचा ईआर पॉझिटिव्ह निघाला याचा अर्थ तिच्यात बीआरसीए-१ चा दोष नाही, असं धरायचं का?

पेशीगणित

नाही. वर ७८ टक्के निगेटिव्ह लिहिले, म्हणजे उरलेल्या २२ टक्क्यांत ईआर पॉझिटिव्ह असतो. शिवाय बीआरसीए-१ वाहकांत वय वाढेल तसं ईआर पॉझिटिव्ह गाठींचं प्रमाण वाढत जातं. ६२व्या वर्षीची पॉझिटिव्ह गाठ दोन्ही बाजूंनी शक्य आहे. रिसेप्टरवरून जनुकाचा अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. मावसबहिणीच्या रिपोर्टवर नेमका कुठला बदल आहे ते लिहिलेलं असेल. तेवढ्या एकाच बदलासाठी आईचं रक्त तपासता येतं, ते अनेक जनुकांच्या पूर्ण पॅनेलपेक्षा स्वस्त पडतं. दोष मावशीच्या सासरकडचा निघाला तर आईसाठी हा विषय बराचसा संपला.

पॅराफिन

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आयुष्य स्लाइडींवर चाललंय. तुम्ही सगळे थेट जनुकांत शिरलात, त्याआधी मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते सांगते.

ईआरची स्लाइड म्हणजे निळ्या केंद्रकांमध्ये तपकिरी केंद्रकं. तपकिरी म्हणजे रिसेप्टर आहे. गाठीच्या कडेला बहुतेक वेळा थोडी नॉर्मल दूधनलिका आलेली असते, मी आधी तिच्याकडे बघते. तिथे सगळ्या पेशी तपकिरी नसतात, मधूनमधून विखुरलेल्या असतात. त्या दिसल्या म्हणजे रंग नीट चढलाय, आता गाठीवर विश्वास ठेवायचा. नॉर्मल नलिकासुद्धा पूर्ण निळी आली तर टेस्टच फसली, "निगेटिव्ह" लिहायचं नाही, पुन्हा करायची.

फसते कशाने? बऱ्याचदा ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच. गाठ काढल्यावर तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये जायला हवी, कापून, भरपूर फॉर्मालिनमध्ये, आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवी. एका तालुक्याहून अख्खी गाठ न कापता लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात कोंबून आलेली मी पाहिली आहे. वरचा थर शिजलेला, आतलं कुजायला लागलेलं. अशा मधल्या भागात रिसेप्टर असला तरी दिसत नाही. त्या बाईला जनुकीय कारणाने निगेटिव्ह म्हणायचं की डब्यामुळे?

रिपोर्ट वाचताना अजून एक. १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह, हा नियम २०१० पासून. २०२० पासून १ ते १० टक्क्यांना "लो पॉझिटिव्ह" असं वेगळं लिहितात, कारण त्यातल्या बऱ्याच गाठी वागायला ट्रिपल निगेटिव्हसारख्या असतात. तेव्हा नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वाचू नका, टक्केवारी वाचा.

सह्यभटक्या

नॉर्मल नलिकेत तपकिरी पेशी थोड्याच का असतात? मला वाटायचं स्तनाच्या सगळ्याच पेशी इस्ट्रोजेन ऐकतात.

पेशीगणित

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच आहे. निरोगी स्तनात ज्या पेशींत ईआर असतो त्या स्वतः सहसा विभागत नाहीत. त्या इस्ट्रोजेनचा निरोप घेतात आणि शेजारच्या ईआर नसलेल्या पेशींकडे रसायनं सोडतात, मग शेजारच्या विभागतात. एकाच पेशीत ईआर आणि विभाजनाची खूण एकत्र जवळजवळ सापडत नाही. ईआर पॉझिटिव्ह कर्करोगात ही शिस्त मोडते: ज्या पेशीत रिसेप्टर, तीच विभागायला लागते. ती शिस्त टिकवण्यात ट्यूमर सप्रेसर जनुकांचा मोठा वाटा आहे.

प्रोजेस्टेरॉनचंही असंच. पीआर असलेली पेशी रँकेएल नावाचा निरोप सोडते आणि ईआर-पीआर नसलेले प्रोजेनिटर वाढतात. म्हणून गाठ निगेटिव्ह निघाली तरी ती घडण्यामागे हार्मोन असू शकतं. बीआरसीए-१ आणि पी-५३ (हेही एक सप्रेसर जनुक) नसलेल्या उंदरांना प्रोजेस्टेरॉन अडवणारं मिफेप्रिस्टोन दिलं तर स्तनातल्या गाठी टळल्या, हा २००६ चा प्रयोग. परळच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयानेही याच हार्मोनवर मोठं काम केलंय: ऑपरेशनच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एकच इंजेक्शन, १००० बायका, २०११ मध्ये प्रसिद्ध. सगळ्यांचा मिळून फरक ठोस नव्हता, पण काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्यांत फायदा दिसला.

सकाळची_गोळी

मी स्वतः पेशंट आहे, सिडकोत राहते. ईआर पॉझिटिव्ह होता, गोळ्या मन लावून घेतल्या, तरी हाडात परत आला. डॉक्टर म्हणाले "गोळीला दाद देत नाहीये." माझ्या सासूबाईंनी "गोळ्या वेळेवर घेतल्या नसतील" असं नातेवाइकांना सांगून टाकलं. रिसेप्टर तर अजूनही पॉझिटिव्हच आहे, मग गोळी का चालत नाही, हे मला कुणीतरी समजावा.

पेशीगणित

ताई, तुमच्या गोळ्या घेण्या-न घेण्याचा यात दोष असेलच असं नाही. रिसेप्टर हजर असून औषधाला दाद न देण्याची कारणं माहीत आहेत, आणि त्यात बरीचशी सप्रेसर जनुकांचीच आहेत.

पीटेन हे जनुक पेशीतली पीआय-३-के नावाची वाढीची साखळी दाबून धरतं. पीटेन गेलं की साखळीच्या टोकाचं एकेटी हे एन्झाइम मोकाट सुटतं आणि ईआरच्या १६७ क्रमांकाच्या सेरीनवर (प्रथिनाच्या माळेतला एक मणी) फॉस्फेट चढवतं. मग रिसेप्टरला इस्ट्रोजेनची फारशी गरज राहत नाही, त्याच्याविना तो चालू. तुम्ही इस्ट्रोजेन कितीही कमी करा.

एनएफ-१ हे दुसरं. ते आधी रास नावाच्या साखळीला आवरणारं म्हणून माहीत होतं. २०२० मध्ये कळलं की ते थेट ईआरला चिकटून त्याचं काम दाबतं. ते गेलं तर टॅमॉक्सिफेन ही ईआर अडवणारी गोळी अडवण्याऐवजी ईआरला चालनाच देऊ शकतं.

तिसरं आरबी, विभाजनाला ब्रेक लावणारं. ईआर सायक्लिन डी-१ हे प्रथिन वाढवतो, ते सीडीके-४ आणि ६ या एन्झाइमांना चालवतं, आणि ती दोघं आरबीला निकामी करून विभाजन सुरू करतात. पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब ही औषधं या दोघांना अडवतात. पण गाठीतून आरबीच नाहीसं झालं असेल तर त्या औषधाने वाचवायचं कुणाला?

सप्रेसरशी संबंध नसलेलं कारणही आहे: ईएसआर-१ मध्येच बदल होतो आणि रिसेप्टर कायम चालू राहतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांवर बराच काळ असलेल्या, परत आलेल्या रोगात हे पुष्कळदा दिसतं.

द्राक्षबाग

पीटेनचं मला असं कळलं: पाटाचं दारच वाहून गेलं, तर धरणातून आवर्तन बंद केलं तरी साठलेलं पाणी शेतात घुसणारच. बरोबर का?

पेशीगणित

जवळपास. फक्त इथे पाणी दुसऱ्याच पाटातून येतंय.

सकाळची_गोळी

मग मी काय विचारू डॉक्टरांना?

पॅराफिन

परत आलेल्या जागेची बायोप्सी झाली का, हे आधी विचारा. पहिल्या गाठीचा रिसेप्टर आणि परत आलेल्याचा वेगळा असू शकतो. हाडाचा नमुना असेल तर लॅबला आधी कळवा, कॅल्शियम काढायला तीव्र ॲसिड वापरलं की पुढच्या टेस्ट बिघडतात.

पेशीगणित

आणि त्या नमुन्यावर पीआयके-३-सीए, एकेटी-१, पीटेन (तिन्ही त्याच पीआय-३-के साखळीतली जनुकं) आणि ईएसआर-१ बघता येतील का, ते विचारा. पहिल्या तिघांपैकी काही निघालं तर फुलवेस्ट्रंट या ईआर नष्ट करणाऱ्या इंजेक्शनसोबत द्यायचं कॅपिवासर्टिब हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालंय. ईएसआर-१ निघालं तर वेगळा रस्ता. तुमच्या बाबतीत काय लागू पडेल ते तुमचे ऑन्कोलॉजिस्टच ठरवतील, पण प्रश्न विचारायला हरकत नाही.

धन्वंतरी_भक्त

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा सोयाबीन बंद करा आणि गव्हांकुराचा रस घ्या. जनुकं आपोआप सुधारतात.

निवृत्त_मास्तर

जनुकात जन्मतः असलेला बदल रसाने सुधारत नाही. जेवणातल्या सोयाबीनने स्तनाचा कर्करोग वाढतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. पुढे.

सह्यभटक्या

पी-५३ कुणीच घेतलं नाही. सगळ्यात प्रसिद्ध सप्रेसर तर तेच ना?

पेशीगणित

हो, आणि त्याचं ईआरशी नातं दुतर्फा आहे. पी-५३ ईएसआर-१ चं वाचन वाढवतं. उलट ईआर पी-५३ ला चिकटून त्याचं काम मंदावतो. म्हणून ईआर पॉझिटिव्ह गाठीला पी-५३ मोडायची फारशी गरज पडत नसावी, ते असून नसल्यासारखं. २०१२ च्या मोठ्या जनुकीय नकाशात ल्युमिनल-ए (बहुतेक ईआर पॉझिटिव्ह) गाठींत पी-५३ चे बदल १२ टक्क्यांत होते, बेसल प्रकारात ८० टक्क्यांत.

इथे एक खबरदारी. गाठीच्या तपासणीत पी-५३ बदललेलं निघालं म्हणजे ते मुलाबाळांत जाणार असं नाही. बहुतेक वेळा तो बदल फक्त त्या गाठीत घडलेला असतो. वंशाने आलेला दोष रक्तातून किंवा लाळेतून कळतो. घराघरात या दोन रिपोर्टांची सरमिसळ होते आणि नसत्या भीतीने मुलींची लग्नं अडतात.

गंगापूररोडवाली

शेवटचं. बहिणीला अंडाशयं काढायचं सुचवलंय. तिचा नवरा म्हणतो, हार्मोन निगेटिव्ह आहे तर हार्मोनची गादी का काढायची?

पेशीगणित

स्तनातल्या गाठीसाठी नाही, अंडाशयाच्या कर्करोगासाठी. बीआरसीए-१ वाहकांत त्याचा आयुष्यभराचा धोका ३९ ते ५८ टक्के मानतात, एरवी तो १ टक्क्याच्या आसपास. त्यासाठी भरवशाची स्क्रीनिंग नाही, म्हणून मुलं झाल्यावर ३५ ते ४० या वयात नलिकांसकट काढायला सांगतात. तिच्या नवऱ्याचा प्रश्न रास्त आहे, त्याला वेड्यात काढू नका, हे आकडे दाखवा.

आणि तिला ओलापारिबबद्दल विचारायला सांगा. ते औषध बीआरसीएच्या मोडलेल्या दुरुस्तीचाच फायदा घेतं, रिसेप्टर असो वा नसो. हर-टू निगेटिव्ह, जास्त धोक्याच्या सुरुवातीच्या कर्करोगात वर्षभर दिल्याचा उपयोग २०२१ च्या चाचणीत दिसला. केमोनंतर ऑपरेशनमध्ये किती रोग उरलाय, त्यावर बरंच ठरेल.

गंगापूररोडवाली

नणंदेचं विचारलं. मावशी म्हणाली "अंडाशयाचाच होता, परळला नेलं होतं." म्हणजे सासरकडची बाजू आधी बघायची. आईचं रक्तही देऊन टाकतो, शंका नको. पुढच्या आठवड्यात पंचवटी एक्सप्रेसने बहिणीला घेऊन परळला दुसरं मत घ्यायला जातोय. सोबत काय न्यायचं?

पॅराफिन

स्लाइडी आणि गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक, दोन्ही. लॅबकडे लेखी अर्ज द्या, देतात. ब्लॉक डबीत, डबी पर्समध्ये. उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, मेण मऊ पडतं. ईआर-पीआरचा मूळ रिपोर्ट घ्या, टक्केवारी असलेला, मोबाइलमधला फोटो नको. जनुकीय रिपोर्टचं फक्त पहिलं पान नेतात लोक, सगळी पानं न्या. नणंदेचे जुने कागद घरात कुठे सापडले तर तेही.

सकाळची_गोळी

माझीही बायोप्सी ठरली. हाडाचा नमुना आहे, ॲसिडचं आधीच सांगितलंय. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "एवढी जनुकं बिघडतात तर गोळीवाल्यांनी आधी सांगायचं ना."